जुन्या रंध्याचा कर्ता कसा ओळखावा?



आपल्या घरांतील फडताळांत एखादा जुना पितळी तांब्या असेल, तर तो हातांत घेऊन त्याच्या गळ्याखालीं पाहावें. तेथें टिंबाटिंबांनीं कोरलेलें एक नांव बहुधा आढळेल. कदाचित् सालहि असेल. तें नांव आजीचें असतें, मामांचें असतें, किंवा ज्यांनीं तो आहेर म्हणून दिला त्यांचें असतें. तांब्या घडविणाऱ्या तांबटाचें तें नांव आहे, असें आपल्यांपैकीं कोणीहि म्हणणार नाहीं. भांड्यांच्या बाबतींत ही गोष्ट इतकी सर्वांच्या परिचयाची आहे कीं, ती नभोवाणीवरून सांगूं लागलों तर हंसेंच व्हावयाचें. परंतु तींच माणसें सुताराचा जुना रंधा हातीं आला आणि त्यावर चार इंग्रजी अक्षरें दिसलीं कीं, तत्काळ निकाल देऊन मोकळीं होतात : "हा अमुक साहेबाच्या कारखान्यांतला माल." आज मला या घाईविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

वस्तु येथून दाखवितां येत नाहीं, तेव्हां प्रथम तिचे भाग सांगतों. रंधा म्हणजे लांकूड तासून गुळगुळीत करण्याचें हत्यार. शब्द मूळचा फारसी. त्या भाषेंत किसणीलाहि हाच शब्द आहे, आणि तें योग्यच आहे, कारण दोहोंचें काम एकच. जुन्या रंध्याचे मुख्य भाग तीन : लांकडी ठोकळा, त्याच्या खांचेंत तिरपें बसविलेलें पोलादी पातें, आणि तें पातें जागच्या जागीं दाबून धरणारी लांकडी पाचर. ठोकळ्याच्या तळाला एक अरुंद फट असते. तींतून पात्याची धार केसभर बाहेर डोकावते, आणि रंधा पुढें ढकलला म्हणजे लांकडाचें पातळ सालपट गुंडाळत वर येतें. मोठ्या रंध्याला मागें मूठ असते. हे तीन भाग ध्यानांत ठेवावे. कारण ते तिन्ही एकाच माणसानें केलेले असतात, या समजुतींतूनच पुढचा सारा घोटाळा उत्पन्न होतो.

विलायतेंत हे धंदेच निराळे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनांत केवळ रंधे करून विकणारे कारागीर आढळतात. पुढें ग्लासगो, यॉर्क, बर्मिंगहॅम अशा शहरींहि हा धंदा पसरला. हा कारागीर ठोकळा आणि पाचर करी. पातें मात्र तो बहुधा शेफील्डहून आणी, कारण पोलाद ही शेफील्डची मिरास. म्हणून एकाच विलायती रंध्यावर कमीत कमी दोन कर्त्यांचीं नांवें असतात : ठोकळा करणाऱ्याचें नांव ठोकळ्याच्या पुढच्या टोंकावर, आणि पातें करणाऱ्याचें नांव पात्याच्या वरच्या अंगास. त्यांत कित्येकदां तो माल विकणाऱ्या दुकानदाराचें नांव येतें, आणि शेवटीं ज्यांच्या ज्यांच्या हातीं तो गेला त्या सुतारांचीं नांवें येतात. एखाद्या रंध्याचें टोंक म्हणजे जणूं बदलीच्या गांवीं राहणाऱ्या शिक्षकाच्या ट्रंकेवरील चिठ्ठ्याच!

मग या गर्दींत कर्ता कोणता आणि मालक कोणता? याची एक ढोबळ रीत आहे. कर्त्याचा ठसा एकदांच उमटलेला असतो. तो टोंकाच्या वरच्या अंगास, मध्यावर, सरळ ओळींत असतो, कारण नवा ठोकळा समोर पक्का धरून एकाच घावांत तो मारलेला असतो. मालकाचा ठसा दोनदां, तीनदां, पुढें, मागें, कुशीवर, जेथें जागा मिळेल तेथें असतो. चोरानें एक खरवडला तर दुसरा राहावा, हा त्यांतला हेतु. पुष्कळदां एकेक अक्षर स्वतंत्र ठोकलेलें असतें, त्यामुळें ओळ वांकडी जाते. मालकाच्या ठशाची लिपि मात्र फार बोलकी असते. मुंबईंतल्या जुन्या हत्यारांवर रोमन, देवनागरी, गुजराती अशा सर्व लिपींचीं अक्षरें आढळावीं, यांत नवल नाहीं; आणि गुरुमुखी अक्षरें आढळलीं तर त्या हत्याराचा प्रवास आपणांस अर्धा कळलाच म्हणून समजावें. रेल्वेचीं आद्याक्षरें असतील तर काळहि ठरवितां येतो. जी. आय. पी. रेल्वे हें नांव १९५१ सालीं जाऊन मध्य रेल्वे झाली, तेव्हां जी. आय. पी. असा ठसा असलेलें हत्यार त्यापूर्वींचें. तें हत्यार घरीं कसें आलें, हा प्रश्न मात्र वंशजांना विचारूं नये.

विलायती कर्त्यांची गोष्ट आतां बरीच सोपी झाली आहे. गुडमन नांवाच्या संशोधकानें १९६८ सालीं इ.स. १७०० नंतरच्या ब्रिटिश रंधाकारांची एक जंत्री पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, आणि पुढें इतरांनीं ती वाढविली. ठसा नीट वाचतां आला, तर तो कारागीर कोणत्या शहरीं, कोणत्या वर्षांच्या दरम्यान धंदा करीत होता हें सांपडूं शकतें. आपल्याकडील सुतार अशा जंत्रींत येण्याचा प्रश्नच नव्हता. कारण तो रंधा विकण्यासाठीं करीत नसे, वापरण्यासाठीं करी, आणि स्वतःच्या वापराच्या वस्तूवर कर्ता म्हणून नांव घालण्याची आपल्याकडे चाल नाहीं. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं १८१७ सालीं बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर उभें आहे. त्याच्या बांधणाऱ्या उस्तादाचें नांव सर्व पुस्तकांत आहे. त्याच्या फळ्या ज्यांनीं तासल्या त्यांचीं नांवें कोणी विचारीतहि नाहीं.

आतां पात्याकडे वळूं. पात्यावर जीं अक्षरें सर्वांत मोठीं दिसतात तीं बहुधा 'कास्ट स्टील' हीं असतात. त्यांच्या आगेंमागें 'वॉरंटेड' असा शब्द असतो. वॉरंटेड हें कोणा साहेबाचें आडनांव समजून त्याची चौकशी करणारे एक गृहस्थ मला भेटले आहेत! त्याचा अर्थ एवढाच कीं, मालाची हमी दिली आहे. आणि 'कास्ट स्टील' म्हणजे सांचांत ओतून केलेलें पातें, असाहि अर्थ नव्हे. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननें १७४० च्या सुमारास मातीच्या मुशींत पोलाद पूर्ण वितळवून शुद्ध करण्याची रीत काढली. त्या रीतीच्या पोलादाचें हें नांव. तें पोलाद महाग, म्हणून जुन्या पात्यांत त्याची केवळ पातळ पट्टी धारेच्या बाजूस असते, आणि बाकीचें अंग साध्या लोखंडाचें असते. धार लावलेल्या उतारावर पाहिलें तर दोन धातूंची सीमा रेघेसारखी दिसते. जुनें पातें आणखी एका गोष्टीनें ओळखतें : तें धारेपाशीं जाड आणि वर पातळ होत गेलेलें असतें, म्हणजे काम करतांना तें वर सरकूं पाहील तर पाचरींत अधिकच आवळलें जावें.

नांवाबरोबर पात्यावर पुष्कळदां चित्र असतें. शेफील्डच्या हत्यारवाल्यांच्या या खुणा जगभर ठाऊक झाल्या होत्या. सोर्बी या आडनांवाचीं दोन घराणीं. त्यांपैकीं रॉबर्ट सोर्बीची खूण कांगारू, आणि आय. सोर्बीची खूण 'मिस्टर पंच' हा विलायती कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांतला नाकाळू विदूषक. विल्यम मार्पल्स यांची खूण तीन पानांचा शॅमरॉक. ज्याला इंग्रजी वाचतां येत नाहीं त्या गिऱ्हाइकासहि चित्र ओळखतां येतें. आपल्याकडे काडेपेटीपासून कापडापर्यंत सर्व माल ज्या कारणानें 'छाप' पाहून घेतला जाई, तेंच कारण येथेंहि. माल कोणत्या देशचा हें लिहिण्याची चाल कायद्यांतून आली. ब्रिटनमध्यें १८८७ सालीं आणि हिंदुस्थानांत १८८९ सालीं मालावरील खुणांचा कायदा झाला. त्यामुळें ज्या पात्यावर 'मेड इन' अमुक देश असें स्पष्ट लिहिलें आहे, तें बहुधा त्या कायद्यांनंतरचें समजावें.

अक्षरें नसतील तेथें लांकूड बोलतें, आणि माझ्या मतें तें अक्षरांहून अधिक विश्वासू आहे. विलायती रंधाकाराचें आवडतें लांकूड म्हणजे बीच. तें फिक्या तांबूस रंगाचें असून वर्षानुवर्षें तेल पिऊन मधासारखें होतें. त्याच्या कुशीवर बारीक बारीक तपकिरी ठिपके तिळासारखे विखुरलेले दिसतात. बीचचें झाड आपल्या रानांत होत नाहीं. तेव्हां ठोकळा बीचचा असेल तर तो, निदान लांकूड म्हणून तरी, समुद्रावरून आला आहे. उलट ठोकळा शिसवीचा, बाभळीचा किंवा सागवानी असेल, तर पात्यावर कोणत्याहि साहेबाचें नांव असलें तरी तो ठोकळा इकडचाच असण्याचा संभव फार. पातें सुटें विकत मिळे, आणि नीट सांभाळलेलें पातें ठोकळ्याहून अधिक टिके. ठोकळ्याचा तळ मात्र घासून घासून पातळ होतो, फट रुंद होते, आणि मग सुतार दुसरा ठोकळा करतो. लांकूड त्याच्या हातचें. पोलाद परक्याच्या हातचें.

याचें एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतों. शीव कोळीवाड्यांतील एका कुटुंबानें मला एक रंधा पाहावयास दिला होता. शीव म्हणजे सीमा. जुन्या मुंबई बेटाची ही उत्तरेची हद्द. वस्तीचें नांव कोळ्यांचें, परंतु १९४७ नंतर पंजाब व सिंध सोडून आलेलीं पुष्कळ कुटुंबें येथें वसलीं. खाणावळींच्या पाटीवर 'कोळंबी कोळीवाडा' असें वाचून तो पदार्थ कोळणींच्या चुलीवरचा समजणारे पुष्कळ आहेत. तो प्रसिद्ध केला तो येथल्या पंजाबी मंडळींनीं. नांव स्थळ सांगतें, कर्ता सांगत नाहीं, हें येथेंहि खरेंच! असो. या वस्तीच्या जवळच, माटुंग्यास, जी. आय. पी. रेल्वेचा डब्यांचा कारखाना १९१५ सालीं निघाला. त्या काळीं उतारूंच्या डब्यांत सागवानी लांकडाचें काम पुष्कळ असे, आणि म्हणून सुतारांना तेथें मान होता. मद्रासजवळ पेरांबूर येथें १९५५ सालीं पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला, आणि मग हळूहळू लांकूड मागें पडलें. या कुटुंबांतील आजोबा माटुंग्याच्या त्या कारखान्यांत सुतार होते.

रंध्यावरून दोघां नातवांत मतभेद होता. भांडण नव्हे, पण घर बदलावयाचें होतें, आणि कोणती वस्तु न्यावी व कोणती काढावी याचा हिशेब चालला होता. धाकटे म्हणत, हा अस्सल विलायती रंधा आहे, त्यावर नांव आहे, चोर बाजारांतील एका व्यापाऱ्यानें तो मागितला आहे, तर देऊन टाकावा. थोरले म्हणत, हा आजोबांनीं स्वतः केला, तो द्यावयाचा नाहीं. धाकट्यांच्या बाजूस छापील अक्षरांचा पुरावा. थोरल्यांच्या बाजूस केवळ ऐकीव गोष्ट. सुशिक्षित घरांत अशा वेळीं कोण जिंकतो, हें सांगावयास नको.

मीं प्रथम पाचर सैल करून पातें बाहेर काढलें. त्यावर कांगारू स्पष्ट होता, सोर्बीचें नांव होतें, शेफील्ड होतें. तेवढ्यापुरतें धाकट्यांचें म्हणणें खरेंच होतें. नंतर ठोकळा खिडकीपाशीं नेला. लांबी १६ इंच. रंग काळपट जांभळा, हातास जड : शिसव. पुढच्या टोंकावर कर्त्याचा ठसा नाहीं. देवनागरी दोन अक्षरें मात्र तीन ठिकाणीं, त्यांपैकीं एके ठिकाणीं उलटीं. तीं आजोबांच्या नांवाचीं आद्याक्षरें होतीं. थोरल्यांचा चेहरा खुलला; पण मीं त्यांना तांब्याची गोष्ट सांगितली. अक्षरांनीं मालकी ठरते, कर्तृत्व ठरत नाहीं.

तेव्हां खांचेच्या आंत पाहिलें. कारखान्यांतील ठोकळ्याची खांच एका मापाची व स्वच्छ असते. येथें पटाशीचे घाव अजून दिसत होते, आणि डावी-उजवी बाजू सुताइतकी कमीजास्त होती. पातें ज्या उतारावर टेकतें तो विलायती साध्या रंध्यांत ४५ अंशांचा असतो. हा ५० च्या जवळ होता. असा उभट उतार कठीण आणि आडव्यातिडव्या तंतूंच्या लांकडास बरा पडतो, म्हणजे करणाऱ्यानें आपल्या कामाचा विचार केला होता. सर्वांत महत्त्वाची खूण पुढेंच होती. पात्याच्या पाठीवर एका जागीं लोखंड किंचित् फुगलेलें होतें. आणि उतारावर बरोबर त्याच जागीं तेवढाच उथळ खळगा कोरलेला होता. अर्थात् हा ठोकळा याच पात्यासाठीं, हें पातें समोर ठेवून, कोरलेला. शेफील्डचें पातें इकडे सुटें येऊन पोंचल्यावरच तो तयार झाला.

एवढ्यानें ठोकळा इकडचा ठरला. आजोबांचा ठरला नाहीं. मीं विचारलें, "ज्याविषयीं शंका नाहीं असें आजोबांच्या हातचें दुसरें कांहीं घरांत आहे काय?" त्यांनीं एक पटाशी आणि एक वाकस आणली. दोहोंचे दांडे शिसवीचे. दांडा गोल न करतां त्याला आठ पैलू पाडलेले, आणि शेवटचा पैलू अंगठ्यासाठीं जरा खोलगट. रंध्याची मूठ पाहिली तर तेच आठ पैलू, तोच खोलगटपणा. हस्ताक्षर ओळखण्यांत माझा जन्म गेला आहे; वर्गांतील पन्नास मुलांच्या वह्या नांवें न पाहतां वांटतां येत होत्या. हेंहि हस्ताक्षरच होतें. इतक्यांत आंतून त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, "पावसाळ्यांत रात्रीं अण्णा कंदिलाशीं बसून तो ठोकळा कोरीत, आणि त्याचा भुसा पिठांत उडतो म्हणून आई ओरडे." या बाईंना आजपर्यंत कोणी विचारलेंच नव्हतें.

पाचर सागवानी निघाली, ठोकळ्याहून पुष्कळ नवी. ती बहुधा आजोबांच्या नंतरच्या कोणा हाताची.

धाकटे जरा हिरमुसले. "मास्तर, म्हणजे बाजारांत याला कांहींच किंमत नाहीं म्हणावयाचें?" मीं म्हटलें, पात्याला आहे, ठोकळ्याला बाजारांत कमी, हें खरें. रंधा अद्याप त्यांच्याच घरीं आहे.

लोखंडी रंध्यांचें प्रकरण यापेक्षां सोपें, आणि म्हणून कमी गोडीचें. अमेरिकेंत लेनर्ड बेली यानें पातें स्क्रूनें वरखालीं करण्याची युक्ति काढली. १८६९ सालीं कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथल्या स्टॅन्ले कंपनीनें त्याचा धंदा घेतला. या रंध्यांच्या पोटांत, पात्याच्या बैठकीमागें, पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. ती तारीख रंध्याच्या जन्माची नव्हे. शेवटच्या तारखेपूर्वींचा तो रंधा असूं शकत नाहीं, एवढेंच तीवरून ठरतें. चार, पांच, सात हे आंकडे आकाराचे असतात, सालाचे नसतात. पात्यावर बदामाच्या आकृतींत दोन अक्षरें असतील तर तें पातें सुमारें १९२० ते १९३५ च्या दरम्यानचें. पुढें १९३७ च्या सुमारास स्टॅन्लेनें शेफील्डलाहि रंधे करण्यास आरंभ केला, म्हणून स्टॅन्ले नांवाखालीं 'मेड इन इंग्लंड' वाचून गोंधळूं नये. शेफील्डच्याच हॅम्प्टन कंपनीचे 'रेकॉर्ड' रंधे याच वळणाचे. त्यांच्या आंकड्याआधीं शून्य असतें, म्हणजे स्टॅन्लेचा ४ तो रेकॉर्डचा ०४. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेहि, विशेषतः जालंदरास, हातहत्यारांचे कारखाने वाढले, आणि बेलीच्या वळणाचे रंधे येथेंच होऊं लागले. मात्र हे रंधे स्क्रूंनीं जोडलेले असल्यामुळें त्यांचे भाग सहज अदलाबदल होतात. एकाचा ठोकळा, दुसऱ्याचें पातें आणि तिसऱ्याचा दाबपट्टा असा संयुक्त संसार जुन्या बाजारांत नेहमींचाच. म्हणून येथेंहि प्रत्येक भाग निराळा वाचावा.

आपल्या घरीं असें एखादें हत्यार असेल, तर तें पाहण्यापूर्वीं घासूं नका. वाळूकागदानें ठोकळा चकचकीत करणें म्हणजे ठसा पुसणें. पाचर सोडविण्यासाठीं ठोकळ्याच्या मागच्या टोंकावर लांकडी हातोडीनें हलके ठोके द्यावे. पक्कडीनें ओढूं नये. गंजलेल्या पात्यावर रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवून सकाळीं जाड फडक्यानें पुसावें. तेजाब लावूं नये. पात्यावर दुसरें लोखंडी पातें स्क्रूनें बसविलेलें असेल तर तें सोडवून खालीं पाहावें, कारण अक्षरें पुष्कळदां त्याच्या आड असतात. मग खोली अंधारी करून दिवा बाजूनें, अगदीं आडवा धरावा. समोरच्या उजेडांत जें सपाट दिसतें त्यावर अक्षरें उठून दिसतात. तरीहि वाचतां आलीं नाहींत तर पातळ कागद ठेवून वर शिसपेन्सिल हलक्या हातानें घासावी; मुलें पैशाचा छाप काढतात तसा. हें सर्व झाल्यावर एका चिठ्ठीवर ठोकळा, पातें, पाचर आणि मालकांच्या खुणा यांची नोंद निरनिराळ्या ओळींत करावी, आणि घरांत कोणी ऐंशीच्या पुढचें असेल तर त्यांना काय आठवतें तें त्याखालीं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें. हें शेवटचें काम आधीं केलें तरी चालेल. पाचर मात्र निराळी ठेवूं नये. ती पुन्हां खांचेंत सैल बसवून ठेवावी, कारण घर आवरतांना सर्वांत आधीं तीच जळणांत जाते.